काळ्या पडद्यावरचा बर्फ

भुजंगरावांनी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला तेव्हा उषाबाईंनी कपाळाला हात लावला. सहासष्टाव्या वर्षी माणसानं स्टुलावर चढू नये हे त्यांचं एक म्हणणं, आणि चढायचंच असेल तर निदान पितळी घंगाळ काढायला चढावं हे दुसरं. मंठ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहेतीस वर्षं तारा जोडून निवृत्त झालेल्या या माणसाला घरातला गळका नळ मात्र कधी दुरुस्त करता आला नव्हता. तो अजून गळत होता, आणि हे साहेब जुन्या डब्यावरची धूळ लुंगीनं पुसत बसले होते.

निमित्त नेहलच्या फोनचं होतं. नेहल म्हणजे दोन घरं सोडून राहणाऱ्या बद्रीनारायण शेठची मुलगी. नव्याण्णव साली अमेरिकेला शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. शेठ जाऊन आठ वर्षं झाली होती. आई, जमनाबाई, एकोणऐंशीची, मुलगा-सुनेजवळ मंठ्यातच होती. नेहल सहा वर्षांनी डिसेंबरात यायची होती, आणि तिनं भुजंगरावांकडे एकच गोष्ट मागितली होती. त्या काळात तिची आणि आईची जी पत्रं भुजंगदादाच्या मेलवरून जात-येत होती, ती अजून असतील का? तिच्या विद्यापीठाचा मेलचा पत्ता कधीच बंद पडला होता, तिच्याकडे एकही उरलं नव्हतं. आपली मुलगी आता कॉलेजला लांब गेली आणि चार ओळी लिहा म्हटलं तर नुसता अंगठा पाठवते, असं तिनं हसत सांगितलं होतं. तिला आईशेजारी बसून ती पत्रं पुन्हा ऐकायची होती, त्याच काळ्या पडद्यावरून, दादांच्या तोंडून.

भुजंगराव म्हणाले, बिलकुल, आहेत ना. फोन ठेवला आणि मग आपण काय कबूल केलं ते त्यांच्या लक्षात आलं.

आता तो काळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. तेव्हा मंठ्यात ईमेल असलेलं घर एकच, भुजंगरावांचं. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं होतं. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, माऊस तर बिचारा खुंटीला. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. औरंगाबादचा नंबर फिरवला की फोनच्या तारेला जोडलेला मोडेम आधी गळा साफ करायचा, मग किंचाळायचा, आणि मग एकदम गप्प व्हायचा. तो गप्प झाला की भुजंगराव हात वर करायचे, घरातली माणसंही गप्प व्हायची. गावातल्या कुणाचं पोर कुठं लांब असेल त्याचं पत्र याच पत्त्यावर यायचं, विषयाच्या जागी ज्याचं त्याचं नाव. तसली पोरं होतीच किती म्हणा. खरी नेमानं पत्रं यायची ती जमनाबाईंना.

बाजाराच्या दिवशी सकाळी दहाला त्या यायच्या. डोक्यावरचा पदर नीट, हातात घरच्या खाऱ्या मठरीचा डबा. भुजंगराव पाच वर्षांचे असताना त्या या गल्लीत नव्या नवरी म्हणून आलेल्या, तेव्हापासून त्या काकी. लोखंडी खुर्चीत बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, काढ कागद." मेलला त्या शेवटपर्यंत कागदच म्हणत राहिल्या. भुजंगराव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी वाचून दाखवायचे, मग काकी उत्तर सांगायच्या आणि ते तसंच्या तसं टाइप करायचे. एक्स्चेंजच्या खिडकीवर तार घ्यायची सवय होती. लोकांनी सांगितलेल्या मजकुरात शब्द वाढवायचा नाही, घटवायचा नाही. जाणाऱ्या पत्रांत भुजंगरावांनी ही शिस्त एकदाही मोडली नाही.

येणाऱ्या पत्रांचं मात्र वेगळं झालं.

पहिलं पत्र आलं ते सप्टेंबरात. महिनाभर काकींच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. मोडेम गप्प झाला, पडद्यावर अक्षरं उमटली, आणि होतं काय त्यात? मी पोचले. खोली मिळाली. तब्येत ठीक आहे. पैसे पाठवू नका. नेहल. संपलं. मुलगी हुशार होती, गणितात पहिली यायची, पण शब्दांच्या बाबतीत बापासारखी हात आखडून होती. भुजंगरावांनी त्या चार ओळी वाचल्या आणि काकींकडे पाहिलं. काकी पुढं झुकून बसल्या होत्या. तो चेहरा बघून 'संपलं' म्हणायचं त्यांच्या जिभेवर येईना. त्यांनी पडद्याकडे बघत पुढं वाचायला सुरुवात केली, जिथं वाचायला काही नव्हतं.

"मम्मी, इथं बर्फ पडतो. खिडकीतून बघितलं की सगळं पांढरं. वड्या घालायच्या आधी तू गच्चीवर धोतर पसरतेस ना, तस्सं दिसतं. मंग तुझी लई आठवण येते."

बर्फ भुजंगरावांनी आयुष्यात पाहिला नव्हता. काकींचं गच्चीवरचं धोतर मात्र दर हिवाळ्यात त्यांच्या गच्चीवरून दिसायचं. मुगाच्या वड्या पडायच्या आधीचं ते कोरं धोतर त्यांना एकदम आठवलं होतं, एवढंच. काकींनी डोळे पुसले आणि उत्तर सांगितलं. तू लिहिलंस की बर्फ गच्चीवरच्या माझ्या वड्यांच्या धोतरासारखा दिसतो आणि माझी लई आठवण येते, ते ऐकून बरं वाटलं. बर्फात पायांत मोजे घालत जा. स्वेटर काढू नको. भुजंगरावांनी शब्द न गाळता टाइप केलं आणि पाठवून दिलं.

त्यानंतर दर पत्राला थोडं थोडं घालत गेले. कधी नेहलला स्वप्नात गल्ली दिसायची, कधी तिकडच्या दुकानात मठरी शोधायची. आणि बर्फ तर भरपूर पाडला. अमेरिका म्हटल्यावर बर्फ पडणारच, यात त्यांना शंका नव्हती.

शंका आली ती वीस वर्षांनी. हातात मोबाईल आला, जगातल्या गावांचं हवामान बोटावर दिसायला लागलं, आणि एका दुपारी त्यांनी सहज नेहलच्या गावाचं नाव घातलं. सेहेचाळीस अंश. मंठ्याचा मे महिना त्यापुढं थंड. खाली लिहिलं होतं, अ‍ॅरिझोना, वाळवंटी हवामान. भुजंगरावांनी मोबाईल पालथा ठेवला. कुणाला सांगायची सोय नव्हती.

आणि आता नेहल येणार, पडद्यासमोर बसणार. ती शिकलेली पोरगी, पडद्यावर चार ओळी आणि दादांच्या तोंडात चौदा, हे तिला दिसणारच. तिला दिसेल त्याचं एक वेळ चाललं असतं. पण शेजारी काकी बसणार होत्या, आणि गेल्याच आठवड्यात काकी त्यांना म्हणाल्या होत्या, "फोनवर तिचं तोंड दिसतं रे, पण बोलत काहीच न्हाई. जेवली का, हो. झोपली का, हो. कागदात कशी बोलायची." काकींच्या आयुष्यात मुलगी बोलली ती त्या कागदांत. आणि त्या कागदांत भुजंगराव किती बोलले होते याचा हिशेब फक्त त्या फायलीत होता.

डिस्क खराब झाली म्हणून सांगावं, असं त्यांच्या मनात दोनदा येऊन गेलं. उषाबाईंना त्यांनी अखेर सगळं सांगितलं, फार मोठं पाप कबूल करावं तसं. उषाबाई शेंगा सोलत होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"मी तवा तिथंच तांदूळ निवडत बसायची न्हाई का? पडद्यावर बोटभर मजकूर आन् तुमचं वाचन सरता सरंना. मला काय कळत नव्हतं?" मग टरफलं बाजूला सारून म्हणाल्या, "डिस्क खराब हाय म्हणू नका. म्हातारी वाट बघून राह्यली."

तेव्हा भुजंगराव कामाला लागले, आणि खरं सांगायचं तर लागल्यावर त्यांना भीती विसरून आनंदच व्हायला लागला. जुन्या डिस्कवरची फाईल शाबूत होती. सव्वीस वर्षांत तीन मशिनं बदलली, पण दर वेळी त्यांनी ती एक फाईल आधी उचलली होती. नुसत्या अक्षरांची साधी फाईल, एकाखाली एक पत्रं, कीड लागायला त्यात काही नव्हतं. कॉम्प्युटर म्हातारा, आजकालचं भपकेबाज खिडक्यांचं लिनक्स त्याला झेपलं नसतं, म्हणून त्यांनी बिनचित्रांचंच चढवलं. मग मेलची जुळणी. उषाबाईंना त्यांनी समजावलं की यात तीन नोकर असतात. एक बाहेरून टपाल आणतो, एक आपलं टपाल नेऊन टाकतो, तिसरा पडद्यावर वाचायला मांडतो. तिघांना तीन चिठ्ठ्या लिहून ठेवायच्या, कुठं जायचं, कोणत्या नावानं, कोणता पासवर्ड. उषाबाई म्हणाल्या, मोबाईलमध्ये एकटाच सगळं करतो. भुजंगरावांनी हे बोलणं कानाआड केलं.

टपाल आणणारा दोन दिवस दारातूनच परत येत राहिला. नेहमीचा पासवर्ड मेलवाल्यांना आता चालत नाही, असल्या जुन्या प्रोग्रॅमसाठी ते सोळा अक्षरांचा वेगळा देतात, हे कळायला एक दिवस गेला. ती सोळा अक्षरं चार-चारच्या गटात दाखवतात, मधल्या मोकळ्या जागा टाइप करायच्या नसतात, हे कळायला दुसरा. पण त्या चिठ्ठ्या उघडून एकेक ओळ लिहायची, एक अक्षर चुकलं की वरपासून तपासायची, या कामात त्यांना चाळिशीतले भुजंगराव भेटले. ओळखीची आज्ञा बोटांनी आपोआप टाइप केली तेव्हा ते एकटेच हसले. बोटांना एवढं आठवतं आणि यांना औषधाची वेळ आठवत नाही, हा शेरा उषाबाईंचा.

तिसऱ्या दिवशी टपाल आलं. नेहलनं तपासायला म्हणून फोनवरून चार शब्द पाठवले होते, छान देवनागरीत, आणि काळ्या पडद्यावर उमटले नुसते चौकोन. या पडद्याला देवनागरी तेव्हाही येत नव्हती. भुजंगरावांनी उलट लिहिलं, इंग्रजी अक्षरांत लिही, आधीसारखं. तिचं उत्तर तासाभरात आलं. त्यात लिहिलं होतं, दादा, विसरलेच होते.

डिसेंबरातल्या एका बाजाराच्या दिवशी सकाळी दहाला माय-लेकी आल्या. नेहलचे केस कानशिलाजवळ पांढरे झाले होते. काकींना आता धरून आणावं लागत होतं, डोळ्यांना जवळपास काहीच दिसत नव्हतं, पण मठरीचा डबा होता. तीच लोखंडी खुर्ची उषाबाईंनी धुऊन पुसून ठेवली होती. काकींनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला आणि बसल्या. मोडेम नव्हता, किंचाळायला काही नव्हतं, तरी भुजंगरावांचा हात सवयीनं वर गेला आणि सगळे गप्प झाले.

पडद्यावर यादी आली. तारीख, नाव, आणि प्रत्येक पत्रापुढे त्याच्या ओळींचा आकडा. दोनशे चौदा पत्रं. नेहल खुर्ची ओढून पडद्याजवळ आली. भुजंगरावांनी ठरवून ठेवलं होतं की मागची दोन हजार तीन-चारची पत्रं काढायची, आणि वेळ जाईल तितका घालवायचा. त्यांनी तसं म्हणून पाहिलं.

काकी म्हणाल्या, "न्हाई. तो बर्फाचा काढ. पहिला."

भुजंगरावांनी बटण दाबलं. काळ्या पडद्याच्या माथ्यावर चार ओळी आल्या, खाली सगळं रिकामं. त्यांनी वाचलं. मी पोचले. खोली मिळाली. तब्येत ठीक आहे. पैसे पाठवू नका. नेहल. आणि थांबले. पुढची वाक्यं त्यांना पाठ होती, सव्वीस वर्षं पाठ होती, पण जिचं नाव त्या पत्राखाली होतं ती शेजारी बसून पडद्याकडे बघत असताना ती म्हणायची कशी? 

"पुढं?" काकी म्हणाल्या.

"काकी, पुढं..." भुजंगराव म्हणाले. "पुढं काही लिहिलेलं न्हाई."

"हाय. बराबर वाच."

खोलीत नळाचा थेंब पडल्याचं ऐकू येत होतं. भुजंगरावांनी मान खाली घातली. आता सगळं सांगून टाकायचं, त्यांनी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी नेहल बोलली. ती त्या रिकाम्या काळ्या जागेकडेच बघत होती, ओळीवर बोट ठेवून वाचावं तशी.

"मम्मी, इथं बर्फ पडतो," ती म्हणाली. "सगळं पांढरं होतं. वड्या घालायच्या आधी तू गच्चीवर धोतर पसरतेस ना, तसं दिसतं."

"मंग?"

"मंग तुझी लई आठवण येते," नेहल म्हणाली. काकींनी चाचपडत तिचा हात शोधला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतला.  भुजंगरावांना पडदा दिसेनासा झाला म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि लुंगीला पुसला.

नंतर काकींना उषाबाई चहाला आत घेऊन गेल्या तेव्हा भुजंगराव म्हणाले की नेहल, मी तुझ्या नावावर खोटं वाचत गेलो, मला माफ कर. तुझ्या गावात बर्फ पडत नाही हेही मला फार उशिरा कळलं.

नेहल हसली. पहिलं उत्तर मिळालं तेव्हा बाहेर कडक ऊन होतं, ती म्हणाली. रस्त्यावरचं डांबर चिकटत होतं, आणि आईनं लिहिलं होतं स्वेटर काढू नको. ती कॉम्प्युटर लॅबमध्ये एकटी हसली आणि मग तिथंच रडली. "दादा, मला लिहिताच येत नव्हतं. मम्मीचं उत्तर आलं की मला कळायचं मी काय लिहायला पाहिजे होतं. मंग पुढच्या वेळी मी तसं लिहून बघायची. स्वेटर घालते म्हणून मीच लिहिलं होतं ना तुम्हाला?"

लिहिलं होतं. भुजंगरावांना तेव्हा ते बर्फाचं पक्कं प्रमाणपत्र वाटलं होतं. त्यांनी पडद्यावरची यादी पुन्हा वर नेली आणि पहिल्यांदाच ओळींचे आकडे नीट पाहिले. चार. पाच. पाच. नऊ. दिवाळीनंतर बारा. पुढच्या पावसाळ्यात बावीस. दोन हजार एकच्या शेवटी एक पत्र सत्तेचाळीस ओळींचं होतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की शेवटपर्यंत आपणच बोललो. ही पोरगी तर दोन वर्षांत आपल्या पायावर उभी राहिली होती, आणि त्या लांब पत्रांत आपण एक शब्दही घातला नव्हता, हे ते साफ विसरले होते. त्यांना फार बरं वाटलं, आणि कुठंतरी थोडं रितंही वाटलं.

नेहल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत गेली. जाताना म्हणाली, आता फोन रोज करीन, पण कागदही पाठवीन.

पहिला कागद त्याच महिन्यात आला. यादीत आकडा होता त्रेसष्ट. काकी बाजाराच्या दिवशी आल्या, सुनेचा हात धरून. सून त्यांना बसवून दुकानात गेली. भुजंगरावांनी हात वर केला आणि वाचायला लागले. नेहलनं सगळं लिहिलं होतं, विमानात शेजारी कोण होतं, मुलीला फोन करून आजीच्या कागदांची गोष्ट कशी सांगितली, मठरी कस्टमवाल्यानं हुंगून परत कशी दिली, तिकडे पोचल्यावर घरात शिरताना रडू का आलं. एकही ओळ सुकी नव्हती. भुजंगरावांनी शब्द न वाढवता, न घटवता, तार वाचावी तसं शेवटपर्यंत वाचलं.

"झालं," ते म्हणाले.

काकी पुढं झुकून बसल्या होत्या, तशाच राहिल्या. "सगळं तिचंच होतं?"

भुजंगरावांनी पडद्यावरची नजर काढली. "म्हणजे?"

"आज तुझं काहीच न्हाई त्यात."

 काकींनी डब्याचं झाकण काढलं, चाचपून एक मठरी घेतली आणि त्यांच्या दिशेनं पुढं केली.

"दुसऱ्या दिवाळीलाच शेठनी सांगितलं मला. म्हणले, नेहल हाय तिथं तर आपल्या मारवाडातल्या नागौरसारखी रेती हाय, बर्फ कुठला आलाय? हैदराबादच्या एका व्यापाऱ्याचं पोरगं तिथंच होतं."

"मंग तुम्ही मला काही म्हणल्या न्हाई?"

"तू वाचत होतास ना." काकींनी पदर सारखा केला. "पोरगी गेल्ती तवा घरात बोलायला कुणी नव्हतं, पोरगा दिसभर दुकानात. शेठ तर तुला माहीतच व्हते, दिवसाला चार शब्द. तू आठवड्याला एवढं बोलायचास. मी कशाला थांबवू?"

आत उषाबाईंचा भांड्यांचा आवाज थांबला होता. भुजंगरावांनी मठरी हातात धरून ठेवली, खाल्ली नाही. पडद्यावर पत्र संपलं होतं आणि त्याच्या खाली काळी जागा शिल्लक होती.

"घाल ना थोडं," काकी म्हणाल्या. "थंडीचे दिवस हायेत. पडू दे बर्फ."

भुजंगरावांनी चष्मा नीट केला, पडद्याकडे पाहिलं आणि पुढं वाचायला लागले.